नऊवारीपेक्षा एक वार जास्त

जॉर्जियात घर घेतलं की पहिल्याच ऑगस्टमध्ये शेजारी ग्रिलवर चिमटा फिरवत विचारतो, "मग, यंदा आपले रनिंग बॅक कसे वाटतात?" 'आपले' म्हणजे अथेन्सच्या जॉर्जिया विद्यापीठाचे. "आम्ही क्रिकेटवाले" असं सांगून इथे सुटका होत नाही. पुढचं मार्गदर्शन अशा अडलेल्यांसाठी आहे. पात्रता एकच, चेहरा गंभीर ठेवता यायला हवा.

आधी माप. या फुटबॉलमध्ये चेंडू बहुतेक वेळ हातात असतो, हे एकदा पचवा. चार प्रयत्नांत दहा वार पुढे सरकायचं, म्हणजे नऊवारीपेक्षा एक वार जास्त. चेंडू पोटाशी घट्ट धरून माणसांच्या भिंतीत घुसणारा गडी तो रनिंग बॅक. दर धावेला सरासरी पाच वार निघाले तर पोराने पाचवारी नेसवली, उत्तम. तीनच्या आसपास घुटमळला तर परकरावर भागलं. पण नुसत्या सरासरीवर जाऊ नका. दहा धावांतली एक सत्तर वारांची आणि उरलेल्या नऊ दोन-दोनच्या असल्या, तरी सरासरी ८.८ दिसते.

पायरी पहिली, डेप्थ चार्ट. प्रत्येक जागेसाठी पहिला कोण, दुसरा कोण, तिसरा कोण याची यादी. आपल्याला हा प्रकार नवा नाही, रेल्वेचा चार्ट लागतो तसाच हा लागतो. पहिला कन्फर्म, बाकीचे वेटिंग. दोन नावांच्या मध्ये 'किंवा' छापलेलं दिसलं तर ते आरएसी, दोघे एकाच बर्थवर पाय आखडून बसलेले. नवशिक्याला वाटतं, प्रशिक्षकाचं ठरत नसेल. त्याचं बहुधा ठरलेलं असतं. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं आणि २०२१ पासून पहिल्यांदा कॉलेज बदलणाऱ्याला वर्षभर बाहेर बसावं लागत नाही. म्हणजे वेटिंगवाला आता सरळ गाडीच बदलतो. त्याने निदान पुढच्या स्टेशनपर्यंत तरी उतरू नये, म्हणून ते 'किंवा'.

पायरी दुसरी, ऑगस्टची भाषा. "आमची रनिंग बॅक रूम भक्कम आहे" असं प्रत्येक प्रशिक्षक म्हणतो. मी पहिल्या वर्षी ती रूम कुठल्या इमारतीत आहे असं विचारलं होतं. तुम्ही विचारू नका, रूम म्हणजे त्या जागेचे सगळे गडी मिळून.

पायरी तिसरी, वजन. सगळ्यांनीच उन्हाळ्यात दहा पाउंड 'चांगलं वजन' कमावलेलं असतं. सोडून द्या.

आता मुख्य धडा. सामन्याचा व्हिडिओ लावा आणि तिसरा प्रयत्न, आठ वार बाकी, अशी वेळ शोधा. सगळ्या मैदानाला ठाऊक असतं की आता क्वार्टरबॅक चेंडू फेकणार. समोरचे त्याला पाडायला एखादा जादा माणूस सोडतात, आणि त्या माणसाला अडवणं रनिंग बॅकच्या वाट्याला येतं. अशा वेळी चेंडू बघायचा नाही, क्वार्टरबॅकच्या शेजारी उभ्या रनिंग बॅकचे पाय बघायचे. शंभर किलोचा धिप्पाड लाइनबॅकर फटीतून सुटलाय. मुरलेला गडी अर्धं पाऊल आत टाकतो, गुडघे वाकवतो आणि छातीवर घेतो. नवखा आधी चुकीच्या माणसाकडे वळतो, मग मान खाली घालून खांदा नुसता फेकतो, आणि त्याच्या मागे क्वार्टरबॅक आडवा. ही चूक दोनदा झाली की पोरगं कितीही वाऱ्यासारखं पळत असो, तिसऱ्या प्रयत्नाला बाकावरच बसतं. म्हणून नावं किती आहेत ते मोजू नका, अशा वेळी मैदानात राहू देतील असे किती ते मोजा. चार्टवर पाच असतील, इथे दोन निघतील.

दोन कमी पडतात का? २०१४ सालचं जॉर्जिया बघा. टॉड गर्ली पहिला. त्याच्यामागचे कीथ मार्शल आणि सोनी मिशेल सप्टेंबरमध्येच जायबंदी झाले. ऑक्टोबरमध्ये गर्लीवर, पैसे घेऊन सह्या केल्याबद्दल, चार सामन्यांची बंदी आली. (२०२१ पासून खेळाडूंना अशी कमाई करायला मोकळीक आहे. सात वर्षं लवकर जन्मला, दुसरं काय.) उरला पहिल्या वर्षाचा निक चब. मिसूरीविरुद्ध त्याच्या हाती चेंडू दिला तो अडतीस वेळा. त्याने १४३ वार काढले आणि हंगामाअखेर १,५४७. गर्ली परतला आणि त्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. पुढच्या वर्षी टेनेसीविरुद्ध चबचा गुडघा गेला, जॉर्जियाच्या पहिल्याच चालीवर. मग मिशेलने त्या हंगामात हजार ओलांडले. २०१८ च्या रोझ बोलमध्ये दोघे धडधाकट होते. चबचे १४५ वार, मिशेलचे १८१, आणि दुसऱ्या जादा डावात मिशेलनेच २७ वार पळून सामना संपवला. शेजाऱ्यासमोर ही वंशावळ म्हणता आली तर बर्गर दुसरा मिळतो.

कोणी वाद घालेलच, की २०१५ मध्ये अलाबामाच्या डेरिक हेन्रीने एकट्याने ३९५ धावा ओढल्या आणि राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, मग हवीय कशाला ती खोली? त्याला बॅरी सँडर्स सांगा. ओक्लाहोमा स्टेटमध्ये हा मनुष्य दोन वर्षं थर्मन थॉमसच्या मागे वेटिंगवर होता. १९८८ मध्ये जागा मिळाली आणि अकरा सामन्यांत २,६२८ वार. हिशेब मी केलाय, बरोबर २९२ नऊवारी.

शेवटची पायरी सप्टेंबरमध्ये. सुरुवातीला एखादा दुबळा संघ बोलावून धुतात. २०१८ पासूनच्या नियमाने पोराला चार सामन्यांपर्यंत खेळवलं तरी त्याचं वर्ष खर्ची पडत नाही, त्यामुळे चौथा-पाचवा बाहेर काढायला ही हक्काची वेळ. चाळीस गुणांची आघाडी झाली की शेजारी टोपी झटकून गाडीकडे निघेल. तुम्ही बसा. तिसऱ्या प्रयत्नाला कोण उतरतो, त्याच्या पाठीवरचा आकडा टिपून ठेवा. पार्किंगमधून गाडी निघायला नाहीतरी तासभर लागतोच.