वसंतातील रानफुलांचे छायाचित्रण

सह्याद्रीतला वसंत पंचांगाला विचारून येत नाही. पंचांगात तो चैत्र-वैशाखात असला, तरी काटेसावर माघातच फुलू लागते आणि फाल्गुनात पळस-पांगारा पेटलेले असतात. थंड देशांत या ऋतूची फुले बर्फ वितळताच जमिनीलगत उगवतात, म्हणून तिकडचा छायाचित्रकार पोटावर झोपतो. इकडचे गवत तेव्हा वाळलेले किंवा वणव्यात जळालेले असते आणि फुले निष्पर्ण झाडांच्या शेंड्यांवर. पोटावर झोपण्याचा हंगाम सप्टेंबरात, कासच्या पठारावर. फेब्रुवारीत सगळी भिस्त मानेवर. सामानाच्या यादीत लेन्सच्या आधी आयोडेक्स लिहिण्याची प्रथा त्यातूनच पडली असावी.

या कामाला कोवळे ऊन उत्तम. त्यासाठी मंडळी पहाटे निघतात आणि वाटेत मिसळीला थांबतात. म्हणून सहलीच्या परिभाषेत कोवळे ऊन म्हणजे दुसरा पाव संपल्यानंतर पडणारे ऊन, साधारण साडेअकराचे.

पळस त्या उन्हात फार छळतो. मागे पांढरेफटक आकाश असल्याने कॅमेरा फूल काळे करून टाकतो. उजेड वाढवावा, तर सेन्सरची लाल रंग पेलण्याची ताकद संपते आणि पाकळ्यांच्या जागी नुसता केशरी गोळा उरतो. उपाय एकच : झाडामागे आकाशाऐवजी डोंगर येईल अशी जागा शोधणे आणि उजेड थोडा कमीच ठेवणे. अशी जागा हमखास करवंदीच्या जाळीत सापडते. करवंदीलाही तेव्हा पांढरी, सुवासिक फुले असतात. वास फोटोत येत नाही, ओरखडे येतात.

काटेसावरीच्या मधासाठी भोरड्या, बुलबुल, सूर्यपक्षी गर्दी करतात. फुलावर पक्षी बसला की फोटो पक्ष्याचा होतो आणि सहलीतले पक्षीवाले फुलवाल्यांना हालचाल करू देत नाहीत. दूरच्या उतारावर दिसणाऱ्या लालभडक झाडाबाबत मात्र सावध राहावे. तो बहुधा कुसुंब असतो आणि लाल दिसते ती त्याची कोवळी पालवी. हे कळायला निम्मा डोंगर चढावा लागतो. चढून आलेला माणूस शक्यतो खाली तसे सांगत नाही.

जमिनीवर या दिवसांत भेटते ती भुईरिंगणी : जांभळी पाकळी, मधे पिवळे पुंकेसर आणि अंगभर काटे, त्यामुळे कोपर टेकण्याआधी जागा पाहावी. इतक्या जवळून जेमतेम काही मिलिमीटर भागच स्पष्ट येतो. झुळूक आली की तोही हातचा जातो. मोबाइल तर फूल सोडून मागचा दगड टिपतो, म्हणून फुलामागे तळहात धरावा. वाऱ्याच्या बाजूला एखादा धष्टपुष्ट सहप्रवासी उभा करावा. वारा अडतो, सावली बेतशीर पडते. त्याच्या डोक्यावरच्या उन्हाची सोय या शास्त्रात अद्याप झालेली नाही.

घरी आल्यावर ओळख पटवणे उरते. वनस्पतींच्या जाणकाराला फोटो पाठवला की तो फुलाचे कौतुक करत नाही, पानांचा फोटो मागतो. पळसाला पाने तीनच हे खरे, पण फुलताना बहुधा तीही नसतात. ती पावसाआधी येतात. त्यामुळे एका फुलाचे नाव कळायला दोन सहली लागतात, आणि दोन्ही वेळा मिसळ.