कुकरची रिंग आणि साहित्यसेवा

माझ्या शब्दाला वजन आहे हे मला फार लहानपणापासून ठाऊक होतं. त्या वजनाला शेकडा दर मिळायला मात्र १९९६ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी अ‍ॅमेझॉननं, म्हणजे तेव्हाच्या निव्वळ पुस्तकविक्यांनी, योजना काढली : तुम्ही तुमच्या पानावर पुस्तकाची शिफारस करा, शेजारी आमच्या दुकानाची लिंक लावा, तिच्यावरून कुणी खरेदी केली की तुमचा वाटा तुम्हाला. फुलं आणि गाण्यांच्या सीड्या विकणाऱ्यांनी ही युक्ती त्याआधीच चालवून पाहिली होती. पण तिचा गाजावाजा झाला तो पुस्तकांपासून, हे वाचलं आणि माझी खात्रीच पटली. जगानं हा धंदा माझ्यासाठी काढून ठेवला होता, मीच जरा उशिरा पोचलो.

कारण सल्ला देणं हा माझा स्वभाव आहे. मिक्सर कुठला घ्यावा, इन्व्हर्टरची बॅटरी किती अ‍ॅम्पिअरची असावी, चष्म्याच्या काचांवर कसला लेप हवा, हे मी लोकांनी विचारायच्या आत सांगितलेलं असतं. आमच्या घराण्यात एकही फ्रिज माझ्या मताशिवाय आलेला नाही. आलाच असेल, तर तो बिघडल्यावर माझं मत तिथे पोचलेलं आहे. इतकी वर्षं हे सगळं फुकट चाललं होतं. तेव्हा नोकरी सांभाळून, फावल्या वेळात, आयुष्यभर पुरेल अशी थोडी वरकमाई करायची तर अ‍ॅफिलिएट मार्केटिंगइतकं माझ्या प्रकृतीला मानवणारं दुसरं काही नव्हतं. बोलायचं ते मी बोलतच होतो. आता फक्त वाक्याच्या शेवटी लिंक लावायची.

विषय एकच धरा, असं या धंद्यातले जाणते सांगतात. मी मराठी पुस्तकं धरली. फेसबुकवर पान काढलं आणि दर रविवारी एका पुस्तकावर सविस्तर, अभ्यासपूर्ण, स्वतःलाही पुन्हा वाचावंसं वाटेल असं लिहू लागलो. शेवटी लिंक.

आता यातली खोच. लिंकवर बोट ठेवलं की वाचकाच्या फोनात एक खूण पडते. तिला कुकी म्हणतात. ती १९९४ साली नेटस्केपमधल्या लू माँटुली नावाच्या तरुण अभियंत्यानं शोधली, ती गिऱ्हाईक दुकानातून बाहेर पडून परत आलं तर ओळखू यावं म्हणून. माझ्या दुकानाच्या नियमाप्रमाणे ही खूण चोवीस तास टिकते आणि तेवढ्या वेळात तो माणूस त्या दुकानातून जे काही घेईल त्यावर मला कमिशन. जे काही. पुस्तकच घेतलं पाहिजे असं नाही.

पहिला रिपोर्ट आला तो रात्री उशिरा, आणि मी तो चष्मा पुसून दोनदा वाचला. माझ्या कादंबरीवरच्या लेखातून लोक दुकानात गेले होते, हे खरं. तिथे जाऊन त्यांनी घेतलं होतं : प्रेशर कुकरची रिंग, डास मारायची रॅकेट, गुडघ्याचा पट्टा, दोन किलो वॉशिंग पावडर. कादंबरी शून्य. पुढच्या आठवड्यात एका आत्मचरित्राबद्दल भरभरून लिहिलं. त्यातून एक गाळणी आणि पुन्हा कुकरची रिंग गेली. कवितासंग्रहानं तर कमाल केली. तीन रिंगा. मराठी कवितेनं माणूस अंतर्मुख होतो असं मी मानत आलो. तो अंतर्मुख होऊन स्वयंपाकघरात जातो आणि तिथली शिट्टी नीट होत नाही हे त्याच्या ध्यानात येतं, असं दिसतं.

“निदान कुणाच्या तरी घरात भात तरी शिजतोय,” असं आमच्या सौ. म्हणाल्या. त्यांनी सहानुभूतीनं, माझ्याच लिंकवरून एक पुस्तक मागवलं. त्याचं कमिशन आलं नाही. स्वतःच्या आणि घरच्यांच्या खरेदीवर वाटा मिळत नाही, हा नियम मी वाचला होता. तो माझ्या साहित्याच्या एकमेव गिऱ्हाइकाला लागू होईल हे सुचलं नव्हतं.

दुसरी अडचण प्रामाणिकपणाची. जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या एएससीआय या संस्थेनं २०२१ साली आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं जानेवारी २०२३ मध्ये सांगून ठेवलं आहे की शिफारशीमागे पैसा असेल तर तो ठळकपणे कळवा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दहा लाखांचा दंड होऊ शकेल अशा माणसांत आपण मोडतो, या कल्पनेनं मी काही दिवस ताठ चालत होतो. मग प्रत्येक लेखाखाली लिहू लागलो : ‘या लिंकवरून खरेदी केल्यास मला कमिशन मिळते.’ आणि चमत्कार झाला. ज्या मेव्हण्यानं माझ्या सांगण्यावरून तीन मोबाइल घेतले तो म्हणाला, “म्हणून एवढं कौतुक करताय होय!” सल्ला तोच, माणूस तोच. फुकट होता तोवर तो अनुभव होता. आता त्याच्यामागे दीडशे रुपये दिसले आणि माझ्या सगळ्या जुन्या सल्ल्यांची फेरचौकशी सुरू झाली.

मला खरं तर याचा राग आला. कमिशन खाणारा माणूस खोटाच असतो, असं आपल्याकडे कधीपासून ठरलं? सांगलीत वाढलेल्या माणसानं तरी असं म्हणू नये. इथल्या हळदीच्या पेठेत शेतकरी अडत्याला अडत देत आला, कारण व्यापाऱ्याकडून पैसे सुटायची जबाबदारी अडत्यानं अंगावर घेतलेली असायची. आणि रोज संध्याकाळी दुकानादुकानांतून फिरायचे ते आमचे पिग्मीवाले काका.

त्यांच्याबद्दल मला बोलायलाच हवं. विषय सोडून चाललोय असं वाटेल, सोडूनच चाललोय. पिग्मी काय असते हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही, पण ती आली कुठून हे सांगायचा मोह मला आवरत नाही. १९२८ साली, उडुपीला, जेमतेम तीन वर्षं वयाच्या ‘कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेट’नं दारोदार माणसं धाडली. रोज दोन आणे द्या, आम्ही घरी येऊन नेतो. ज्यांना बँकेची पायरी चढायची भीती वाटायची, त्या विणकरांकडे आणि किरकोळ दुकानदारांकडे बँकच चालत आली. तीच पुढे सिंडिकेट बँक झाली आणि २०२० साली कॅनरा बँकेत विलीनही झाली. पण पिग्मी आमच्या पतसंस्थांनी अशी उचलली की गणपती पेठेत दिवेलागण झाली हे दिव्यांवरून कळायच्या आधी पिग्मीवरून कळायचं.

काकांची सायकल, काखेत रेक्झिनची पिशवी, कानावर पेन. नंतर हातात पावती छापणारं छोटं मशिन आलं; त्याच्यावर त्यांचा विश्वास नव्हता, ते वहीतही लिहायचे. वीस रुपये देणाऱ्यानं पाच दिले की काका काही बोलायचे नाहीत, पण त्या दिवशी तिथे चहा मागायचे नाहीत. कुणाचा धंदा बसत चाललाय, कुणाचे भाऊ वेगळे होणार, कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते, हे त्यांना त्या पाच-दहा रुपयांवरून कळे. दोन लग्नं त्यांनी जमवली. त्याचं कमिशन नव्हतं. मिळायचे ते शंभराला दोन-तीन रुपये, तेही पायपिटीचे. पाऊस असो, कृष्णेला पाणी आलेलं असो, काका यायचे. पाणी दुकानात शिरलेलं असलं तर दुकानदार ज्या नातेवाइकाकडे गेला असेल तिथे यायचे, आणि पैसे न मागता फक्त बसून जायचे. अशा ठेवी गोळा करणाऱ्यांचं कमिशन हे एका अर्थी त्यांचं वेतनच आहे आणि ते कामगार आहेत, असं सर्वोच्च न्यायालयानंही २००१ साली मान्य केलं. आमच्या काकांपर्यंत तो निकाल पोचला की नाही, कोण जाणे. ते तेव्हाही गल्लीत होते.

आणि पोस्टाच्या काकू! त्यांना वगळलं तर मला रात्री झोप लागणार नाही. १९७२ साली सरकारनं महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना आणली आणि घरोघरच्या बायकांना पोस्टाच्या आवर्ती ठेवींची एजन्सी मिळाली. कमिशन शंभराला चार रुपये. आमच्या वाड्यातल्या काकू महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात घरोघर फिरत, पिवळटलेली कार्डं रबरबँडात बांधलेली. हप्ता चुकला तर पोस्ट शंभरामागे एक रुपया दंड लावतं. दंड मोठा नाही; पण “एकदा चुकला की माणूस खातं मोडतो हो,” असं म्हणून त्या कुणाकुणाचा हप्ता स्वतःच्या पाकिटातून भरत आणि पुढे महिनाभर त्या घरावरून जाताना मुद्दाम वर बघत नसत. याच चार टक्क्यांवर त्यांनी दोन मुली शिकवल्या. फावल्या वेळातलं टिकाऊ उत्पन्न ते हेच. त्याला पॅसिव्ह म्हणायची सोय मात्र नव्हती. काकूंच्या चपलांनी हरकत घेतली असती.

काका काय, काकू काय, दोघांनाही उद्या त्याच उंबऱ्यावर पुन्हा उभं राहायचं होतं. असा माणूस फार खोटं बोलू शकत नाही. माझी लिंक कुणाच्या दारात उभी राहत नाही, म्हणून मेव्हण्याला ती संशयास्पद वाटते, आणि रागावूनही मला त्याचं म्हणणं पटतं. भाड्याच्या गाडीला टेकून ‘झोपेत कमवा’ सांगणारी पोरं बघा. ती जो कोर्स विकतात तो अ‍ॅफिलिएट मार्केटिंगचा, आणि त्यात पहिला धडा असतो तो हाच कोर्स मित्रांना विकायचा. आमच्या गल्लीतला एक मुलगा आईची भिशी लागल्याबरोबर त्यात अडकला. दिलेले पैसे सुटायचे तर चार मित्र गळाला लावायचे. त्यानं ते लावले नाहीत, तेव्हा पैसे गेले. लावले असते तर मित्र गेले असते. पैशांची अशी साखळी फिरवायला बंदी घालणारा कायदा १९७८ पासून आहे. पण ‘कोर्स’ म्हटलं की त्या मुलाच्या आईला ते शिक्षण वाटतं, आणि शिक्षणाला आई नाही म्हणत नाही. या पोरांवर मला विनोद करता येत नाही. पुढे जाऊ.

माझं उत्पन्न, विचाराल तर, टिकाऊ आहे. वाढत नाही, एवढंच. सणासुदीत आकडा फुगतो आणि लोक माल परत करतात तसा उतरतो; परत केलेल्या वस्तूचं कमिशनही परत जातं. कमिशनवरचा टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून पाचावरून दोन टक्क्यांवर आला, आणि वर्षाला वीस हजारांपर्यंत तर तो कापतच नाहीत. माझा टीडीएस एकदा तरी कापला जावा अशी माझी इच्छा आहे. सरकारनं दखल घेतल्यासारखं वाटेल.

मध्यंतरी रिपोर्टात एक ओळ दिसू लागली. मोठ्या माणसांचे डायपर, मोठा पुडा. पुढच्या महिन्यात पुन्हा. त्याच्या पुढच्याही. रिपोर्टात वस्तू दिसते, माणूस दिसत नाही. पण एवढं कळत होतं की कुणाच्या तरी घरी कुणीतरी अंथरुणाला खिळलं आहे, आणि त्यांचं करणारं माणूस दर महिन्याला आठवणीनं माझ्या पानावर येऊन, माझ्या एखाद्या लेखाखालच्या लिंकवर बोट ठेवून, मग तो पुडा मागवत आहे. एकदा घडलं असतं तर योगायोग म्हटला असता. त्या घरात पैशांची ओढाताण असेल, झोपेचे वांधे असतील. त्यात हे माणूस मला पंधरा-वीस रुपये मिळावेत म्हणून दोन पावलं वाकडी टाकत होतं, आणि तसं सांगतही नव्हतं. माझ्या लिखाणाला मिळालेली एवढी मोठी दाद मला दुसरी आठवत नाही, आणि ती लिखाणाला नव्हती.

कोण असेल? मी मनातल्या मनात सगळ्या नातेवाइकांची आणि जुन्या शेजाऱ्यांची यादी काढली. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे अशी घरं मोजायला लागलो तर संपेनात. विचारायचं तरी कसं? मग एकेकाला नुसताच फोन करू लागलो. ‘कसे आहात, अण्णा कसे आहेत, काकींचा पाय कसा आहे.’ कोण ते कळलं नाही. पण ते कुणीही असू शकतं, म्हणून सगळ्यांशीच बरं वागावं लागतं. हे माझ्या स्वभावाला अजिबात मानवत नाही. सल्ला न देता अर्धा-अर्धा तास ऐकून घ्यायचं, म्हणजे काय ते मला विचारा.

परवा मिरजेच्या मावसबहिणीला फोन लावला. पहिलं वाक्य तिचं : “काय विकायलायस काय रे?”

“काही नाही गं. सहज.”

“सहज कोण फोन करतंय! बोल की.”

पण मी खरंच काही विकत नाही हे तिला पटलं, आणि मग ती सासूबाईंबद्दल बोलत राहिली. रात्री किती वेळा उठावं लागतं, नणंद कशी नुसती फोनवरून चौकशी करते, भाजीवालीशीही हल्ली भांडायला वेळ मिळत नाही. मी हूं-हूं करत होतो. डायपरचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही. फोन ठेवता ठेवता म्हणाली, “बरं झालं केलास ते. आणि हे बघ, आमचा मिक्सर जळलाय. कुठला घेऊ?”

मी साडेसातशे वॉटचा सांगितला, भांडी स्टीलचीच घे म्हणालो, गॅरंटी मोटरवर किती आहे ते बघ म्हणालो. आणि लिंक पाठवली. माणुसकी माणुसकीच्या जागी, मिक्सर मिक्सरच्या जागी.