झुरळराव, श्रेय मागू नका

मा. झुरळराव,
मूळ मुक्काम मादागास्कर, हल्ली प्रयोगशाळा



मार्च २०२५ मध्ये म्यानमारला भूकंपाने हादरवलं, तेव्हा सिंगापूरच्या बचावपथकाबरोबर आपली दहा भावंडंही ढिगाऱ्यांत उतरली. पाठीवर कॅमेरा आणि सेन्सर, अंगात इलेक्ट्रोड. कौतुक मात्र झालं ते तंत्रज्ञानाचं! म्हणून एकदा हिशेब मांडतो. हार्वर्डच्या अभियंत्यांनी कीटकाची नक्कल करून ‘रोबोबी’ घडवली. २०१९ मध्ये ती वायरीशिवाय उडाली, पण पुरता सेकंदभरही नाही, आणि तेही उन्हाच्या सुमारे तिप्पट प्रखर उजेडात. घोडं अडलं ऊर्जेपाशी. एवढ्याशा देहाला पेलेल अशी दमदार बॅटरी मिळत नाही. आपण उष्ट्याखरकट्यावर दिवसच्या दिवस काढता, उताणे पडलात तर स्वतःच सावरता. तेव्हा देह घडवत बसण्यापेक्षा तयार देह कामाला लावावा, हे व्यवहाराला धरूनच झालं. मिशीला विजेचा बारीक झटका दिला की त्या बाजूला काहीतरी आडवं आलंय असं वाटून आपण उलट वळता. म्हणजे चालणं, तोल सांभाळणं, पोट भरणं सगळं आपलं. ‘इकडे वळा’ एवढंच आमचं. कंत्राटी मजूर आणि मुकादम यांचा जुनाच करार हा.

कुणी म्हणेल, माणसांचे जीव वाचणार असतील तर झुरळाच्या श्रेयाचं काय घेऊन बसलात? रास्त आहे. ढिगाऱ्याखालच्या माणसाला श्रेयाशी देणंघेणं नसतं. पण कामाच्या भरवशाशी असतं. तोच झटका वरचेवर बसला की आपण त्याला सरावता आणि सरळ दुर्लक्ष करता. राबणारा जीव आहे हे मान्य केलं, तरच झटके जपून वापरले जातील, विसावा मिळेल आणि वाट काढण्याचं काम जमेल तितकं आपल्यावरच सोपवलं जाईल. दुसरा म्हणेल, एवढा कळवळा असेल तर आधी हातातली चप्पल खाली ठेवा. हेही खरं. कीटकांना वेदना होतात का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, आणि ओट्याखाली फवारा मारणाऱ्यांनी भूतदयेवर प्रवचन देऊ नये. म्हणून दया मागत नाही; कोणतं काम कोणी केलं याची चोख नोंद तेवढी मागतो.

ती होईस्तोवर पेटंट आमचं, पाठ आपली. झटक्यांची सवय आपल्याला होतेच. फुकट राबण्याचीही होईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मुकादम