बंद डब्याचे मालक

परभणीत वसमत रोडला, जिंतूर रोडला, नाही तर सेलू-मानवतच्या एखाद्या शिक्षक कॉलनीत जा, दर दोन गल्ल्यांआड एक नाना सापडतील. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, सरळमार्गी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हट्ट एकच, घरात आलेली वस्तू घराबाहेर जाता कामा नये. बाकी घरावर काकूंचं राज्य, पण काँप्युटर नानांच्या खात्यातला. तो बंद पडला की नानांची खरी कारकीर्द सुरू होते.

तो घरात आला कसा, हे आधी सांगायला हवं. २००१ साली एमएस-सीआयटी निघाली आणि पुढं ‘सर्टिफिकेट नसेल तर वेतनवाढ अडेल’ असं कळल्यावर मराठवाड्यातले भलेभले गुरुजी माऊस धरायला शिकले. घरी सराव व्हावा म्हणून नानांनी पतसंस्थेचं कर्ज काढून पेंटियम फोर आणला. हार्ड डिस्क ४० जीबीची. ‘जन्मभर भरणार नाही,’ असं दुकानदार म्हणाला होता. सीपीयूवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, नारळ फुटला. त्या खोलीत चपला घालून जायची बंदी होती, कारण व्हायरस. भारनियमनाची वर्षं ती. काँप्युटर चालला थोडा, यूपीएस ओरडला फार. २०१४ च्या ८ एप्रिलला मायक्रोसॉफ्टनं एक्सपीला वाऱ्यावर सोडलं, तेव्हा पुतण्यानं नानांना सावध केलं. नाना म्हणाले, “सोडू दे. आपण कुठं त्यांना विचारून चालू केला होता?”

आणि मग एका मे महिन्यात, बाहेर पारा त्रेचाळीसच्या पुढं गेलेला असताना, डब्यातला पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, पण पडदा काळाच राहिला.

दुसरा माणूस अशा वेळी दुरुस्त करतो किंवा नवा घेतो. नाना सल्ला घेतात. शेजारचे बँकवाले म्हणतात, “विंडो मारून घ्या.” त्यांचा हा सल्ला मोबाईललाही असतो, टीव्हीलाही असतो. पुण्याचा भाचा फोनवर म्हणतो, “मामा, भंगारात द्या, मी लॅपटॉप पाठवतो.” फोन ठेवून नाना काकूंना सांगतात की पुण्याला गेल्यापासून पोराला कशाची किंमत राहिली नाही. सल्ला पटला तर काहीतरी करावं लागेल, म्हणून तो पटत नाही. या कलेत नानांचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नसावा.

शेवटी स्टेशन रोडच्या दुकानातलं पोरगं येतं. झाकण काढतं. आतून धुळीचा गालिचा निघतो आणि एक पाल, जिला हे बिऱ्हाड सोडायचं नसतं. पोरगं रॅम काढून खोडरबरानं घासतं, पुन्हा बसवतं. काही नाही. गोल सेल बदलतं. काही नाही. मग बॅटरीच्या उजेडात मदरबोर्डावर बोट ठेवतं, “नाना, हे कपॅसिटर फुगलेत बघा. बोर्ड गेलंय.”

नानांनी काँप्युटर घेतला त्या काळी जगभर असे कपॅसिटर निघाले. आतलं द्रावण निकृष्ट, म्हणून डोकी फुगायची, फुटायची. डेल कंपनीला २००५ मध्ये त्यापायी तीस कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. हे ऐकून नानांचा चेहरा उजळला. म्हणजे दोष आपल्या घरात नाही, लायटीत नाही, चपलांतही नाही! ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ उगाच म्हणत नाहीत, जागतिक संकट इथं हजेरी लावतंच. पुढचे आठ दिवस कॉलनीत कुणी “काय नाना, झाला का दुरुस्त?” विचारलं, की त्याला आधी अमेरिकेचा आकडा ऐकावा लागे.

भंगारवाला तांब्यापुरता खूश होता, पण मोठ्या काचेच्या मॉनिटरला हात लावीना. त्या काचेत शिसं असतं. असा माल अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडं जावा असे सरकारी नियम आहेत. नानांना नियम फार आवडले. “मग घरातच ठेवायला पाहिजे,” असा त्यांनी त्यातून अर्थ काढला.

इतके दिवस काकू गप्प होत्या. एकदा दाराशी येऊन म्हणाल्या, “त्यात ताईच्या लग्नाचे फोटो हायेत ना? तेवढे काढून घ्या, अन् डबा कुठंबी न्या. काहून एवढा घोळ घालायलात?”

अख्ख्या प्रकरणात मुद्द्याचं बोललेलं हे पहिलं माणूस. पोरग्यानं हार्ड डिस्क सोडवली, कनेक्टर लावून आपल्या लॅपटॉपला जोडली. फोटो आले. ताई आली, मांडव आला, आता हयात नसलेली आत्याही पंगतीत बसलेली सापडली. काकू पदर तोंडाला लावून बघत राहिल्या.

नानांना मात्र त्यांची वंशावळ हवी होती. शिवाजी फॉन्टमध्ये दोन उन्हाळे खपून टाईप केलेली, थेट निजामाच्या काळापासूनची. फाईल उघडली तर सगळे पूर्वज इंग्रजी अक्षरांच्या चिवड्यात.

“फॉन्ट टाकला की वाचता येईल, नाना.”

“तो कुठाय?”

“जुन्या डिस्कमध्येच असंल की.”

“ऐकलंस का?” नाना काकूंकडं वळले. “मी म्हणत नव्हतो, जुनाच काँप्युटर लागतो!”

पण काकूंनी तोवर रिकाम्या झालेल्या टेबलाच्या कडेला शेवयांचं यंत्र आवळून बसवलं होतं. माहेरचं यंत्र. दरसाल थोडं तेल पाजलं की चालतं.