नवलनाना

कर्जतजवळच्या कडावच्या नाक्यावर "माहितेय का?" असा आवाज आला की टमटममध्ये बसलेली माणसं घाईघाईने आपापल्या मोबाइलात डोकं घालतात. उपयोग होत नाही. नाना तिथेही असतात.

खरं नाव सांगत नाही. रेशनकार्डावर वेगळं आहे, पण गावाला ते आठवायला दोन मिनिटं लागतात. गावाने ठेवलेलं नाव नवलनाना. उभी हयात एसटीत कंडक्टर म्हणून गेली आणि त्या नोकरीने त्यांना एकच सवय लावली: गाडीत चढलेल्या माणसाला काहीतरी दिल्याशिवाय उतरू द्यायचं नाही. पूर्वी तिकीट द्यायचे, आता माहिती देतात. तिकिटावर निदान पल्ला तरी असायचा. नानांची माहिती 'शुक्राचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा' इथून सुटते आणि कुठेही उतरते.

(शुक्राचं खरं आहे. सूर्याभोवती तो 225 दिवसांत फिरतो आणि स्वतःभोवती फिरायला त्याला आपले 243 दिवस लागतात. नानांचं सगळंच खोटं असतं तर प्रश्नच नव्हता.)

माणूस मनाने सरळ. व्याजाने पैसे देत नाही, भावकीच्या भांडणात पडत नाही, बांध कोरत नाही. एकच खोड. समोरच्याचे डोळे मोठे झाले नाहीत तर त्यांना जेवण जात नाही. त्यामुळे प्रसंग कुठला, हा विचार त्यांना शिवत नाही. पुतणीच्या साखरपुड्यात वडीलधारे म्हणून दोन शब्द बोला, असा आग्रह झाला. नाना उठले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "ऑक्टोपसला तीन हृदयं असतात." मंडप गप्प. मुलाकडचे एकमेकांकडे बघायला लागले. मुलीने हृदय कुणाकुणाला दिलं आहे, असा काही इशारा आहे की काय? नानांनी खुलासा केला, की दोन हृदयं कल्ल्यांसाठी आणि एक बाकीच्या अंगासाठी, शिवाय रक्तात तांबं असल्यामुळे ते निळं असतं, आणि पोहताना ते तिसरं हृदय थांबतं म्हणून बिचारा पोहण्यापेक्षा सरपटणं पसंत करतो. "सबब संसारात घाई करू नये," असा त्यांनी समारोप केला. टाळ्या पडल्या. त्या समारोपाला होत्या की समाप्तीला, ते विचारू नये.

दहाव्याला तर कठीणच. नदीवर पिंड ठेवलाय, कावळा शिवत नाही, घरची माणसं इच्छा आठवून आठवून थकलीत, आणि नाना भटजींना सांगतायत, की न्यू कॅलेडोनिया बेटावरचे कावळे काडी वाकवून आकडा करतात आणि लाकडातली अळी उपसून काढतात. भटजी म्हणाले, "नाना, तो तिकडचा. हा आपला पंचायत हद्दीतला आहे, याला आधी भात दिसू द्या. तुम्ही जरा बाजूला सरा." नाना सरले, कावळा आला. ही गोष्टही नानांनी संध्याकाळी ग्रुपवर टाकली, मात्र त्यात स्वतःचं सरणं गाळून.

2018 मध्ये व्हॉट्सॲपने एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे ढकलता येईल असं बंधन घातलं, तेव्हा नाना आठवडाभर उदास होते. अफवांपायी माणसं मारली जात होती म्हणून ते बंधन आलं, हे त्यांना सांगून पाहिलं. "मग अफवावाल्यांना घाला की, माहितीवाल्यांना कशाला?" पुढे जास्त फिरलेल्या निरोपावर दोन बाणांची खूण यायला लागली. सावध राहा, हा मजकूर फार हातांतून आलाय, एवढाच तिचा अर्थ. नानांनी तिचं प्रमाणपत्र केलं. "बघ, डबल बाण आहे. एवढ्या लोकांनी पाठवलंय ते काय येडे म्हणून?" आपलं राष्ट्रगीत युनेस्कोने जगात पहिलं ठरवलं, ही थाप त्यांच्याकडे दर ऑगस्टला डबल बाणासह हजर असते. युनेस्को असली स्पर्धाच घेत नाही. दिवाळीला अंतराळातून दिसणाऱ्या झगमगत्या भारताचा फोटो ठरलेला. तो मुळात वेगवेगळ्या वर्षांचे दिवे वेगवेगळ्या रंगांत दाखवणारा, उपग्रहांच्या नोंदींवरून जुळवलेला नकाशा. दिवाळीशी त्याचा संबंध नाही. नानांनी मात्र बोटांनी फोटो ताणून ताणून त्यात कडाव शोधलं. स्वतःच्या ओटीवरचा आकाशकंदीलही त्यांना दिसला.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे नानांच्या दृष्टीने मी संशयित माणूस. आमची मोठी चकमक झाली ती हेलियमवरून. हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर 18 ऑगस्ट 1868 रोजी लागला, लॉकियर साहेबाने तिथल्या ओट्यांवर दुर्बीण लावली, असा मजकूर. मी म्हटलं, नाना, त्या दिवशी खग्रास ग्रहण लागलं हे खरं, आपल्या देशातून दिसलं हेही खरं. पण ते ग्रहण अभ्यासणारा जान्सन हा फ्रेंच माणूस तेव्हा आंध्रात गुंटूरला होता. लॉकियर होता इंग्लंडात. त्याने ऑक्टोबरमध्ये तिथेच, ग्रहणाशिवाय, सूर्याच्या कडेच्या प्रकाशात हेलियमची ती अनोळखी पिवळी रेघ पाहिली. विजयदुर्गाला तो आला, नक्की आला, पण 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्सेने 1895 मध्ये पृथ्वीवरच्या खनिजातून हेलियम काढूनही दाखवला होता.

नाना शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे साहेब आला होता."

"आला होता, पण तीस वर्षांनी."

"ओटे आहेत?"

"आहेत."

"मग गाडी लेट झाली म्हणून आलीच नाही म्हणतोस?"

एसटीत आयुष्य काढलेल्या माणसाशी वेळापत्रकावरून वाद घालू नये. पण खरी मजा दुसऱ्या दिवशी. सकाळी साडेपाचला गुलाबाच्या फुलाखाली निरोप आला: 'हेलियमचं लपवलेलं सत्य! इंग्रजांनी तीस वर्षं जगापासून काय दडवलं? शाळेत हे कधीच शिकवणार नाहीत.' खाली आमच्या कालच्या संभाषणाचा चुरा. माझ्या दुरुस्तीचंच नवल झालं होतं. दुपारपर्यंत ते बदलापूरच्या माझ्या मेहुण्याकडून डबल बाणासह मला परत आलं.

गंमत अशी, की युनेस्को आणि विजयदुर्ग गावाने बिनतक्रार गिळले. ज्या दोन गोष्टींवर गाव नानांना हसलं, त्या दोन्ही खऱ्या होत्या.

पहिली कर्जत स्टेशनावरची. पुण्याकडे जाणारी गाडी उभी होती, घाटासाठी मागे बँकर इंजिनं लागत होती, आमच्या हातात वडे होते. नाना म्हणाले, हा घाट एका बाईने पुरा केला. सगळे हसले. पण खरंच, 1859 मध्ये सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार बोरघाटाच्या कामावर आला आणि काही दिवसांतच वारला. त्याची बायको ॲलिस कंत्राट टाकून विलायतेला पळाली नाही. जाणते इंजिनियर हाताशी धरून तिने ते काम चालवलं आणि 1863 मध्ये एकास सदतीसच्या त्या चढावरून गाडी धावली. ऐकणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, "नाना, ही सीरियल किती वाजता लागते?"

दुसरी गोष्ट पाण्याची. एप्रिलचे दिवस, उन्हाळी भात पोटरीत आलेलं, राजनाला कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून बांधावर दोघांची जुंपलेली. तुझं पाणी, माझं पाणी. नाना मध्ये उभे राहिले. "भांडू नका रे. पाणी तुमचं दोघांचंही नाही. हे बंगालच्या उपसागराला जायला निघालं होतं."

भांडण थांबलं, कारण दोघांनाही हसू फुटलं.

"नाना, सकाळी गोळ्या घेतल्या ना?"

"मग बंगाली मासे लागायला पाहिजेत नाल्यात!"

नानांनी जीव तोडून सांगितलं. घाटावर मावळात आंध्रा नदी आहे. ती इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा जाते पार पूर्वेच्या समुद्राला. टाटांनी ठोकरवाडीला धरण बांधून ती अडवली, डोंगरातून बोगदा पाडला आणि पाणी पश्चिमेला वळवून सुमारे पाचशे मीटर खाली आपल्या भिवपुरीच्या वीजघरात सोडलं. 1922 पासून हे चालू आहे. मुंबईला वीज मिळते, आणि चाकं फिरवून झालेलं पाणी उल्हास नदीच्या खोऱ्यात उतरतं. त्यातलंच राजनाल्याला येतं, म्हणून फाल्गुन-चैत्रात कडावच्या शिवारात भात हिरवं दिसतं. उरलेलं कल्याणकडच्या लोकांच्या नळाला आणि शेवटी वसईच्या खाडीतून अरबी समुद्राला.

एकाही शब्दात चूक नव्हती. मी तिथेच होतो, साक्ष दिली. "गुरुजी, आता तुम्हीपण?" एवढंच मला ऐकायला मिळालं. पन्नास वर्षं ज्या पाण्यात पाय बुडवून लावणी केली, ते पाणी चुकीच्या समुद्राला चाललंय हे मानायला कुणी तयार होईना. नानांनी ही माहिती ग्रुपवर टाकली. एकाने हसरा चेहरा लावला. बाकी शांतता. "यात नासा घालायला पाहिजे होतं," नाना मला नंतर म्हणाले, आणि ते विनोद करत नव्हते. माझ्या मते नानांच्या धंद्याचं सगळं मर्म त्या वाक्यात आहे.

एक अपवाद सांगायला हवा. टाटांच्या वीजघरांच्या तारांचे मनोरे 1942 मध्ये, इंग्रजांविरुद्धच्या लढ्यात, भाई कोतवालांच्या आझाद दस्ता या भूमिगत गटाने पाडले. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि त्यांचे साथी हिराजी पाटील 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर गोळीबारात पडले. हे सांगताना नाना चष्मा कपाळावर नेत नाहीत, 'माहितेय का' म्हणत नाहीत, पदरचं काही घालत नाहीत. तारीख सांगतात, गावांची नावं सांगतात आणि थांबतात. ऐकणाऱ्याचे डोळे मोठे झाले की नाही, तेही बघत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "हे काय फॉरवर्ड करायचंय?"

बाकी वेळी मात्र सांभाळा. संकष्टीला किंवा माघी जयंतीला बालदिगंबर गणपतीच्या दर्शनाला कडावला आलात आणि नाक्यावर कपाळावर चष्मा असलेला कुणी "माहितेय का?" म्हणाला, तर "माहितेय" म्हणू नका, तो परीक्षा घेईल. "माहीत नाही" तर मुळीच म्हणू नका. पाण्याचं विचारा, ते तो बरोबर सांगतो आणि ऐकणारं कुणी भेटत नाही म्हणून चहाही पाजतो. फोन नंबर तेवढा देऊ नका.