डोंबिवलीची दुबई झाली ती अशी

दुबईतील जुमेरा लेक टॉवर्स ही वसाहत कृत्रिम तळ्यांच्या काठी वसलेली असून 2002 मध्ये स्थापन झालेल्या डीएमसीसी या मुक्त व्यापार क्षेत्राच्या, म्हणजे स्वतःचे नियम व परवाने असलेल्या उद्योगवसाहतीच्या, अखत्यारीत चालते. नागरी शासनाच्या अभ्यासकाला ती विशेष मोलाची वाटावी, कारण तेथे नळाला पाणी आहे, कचरा वेळेवर उचलला जातो आणि नगरसेवक नाही. इंग्रजी वर्णमालेतील ए ते झेड या 26 अक्षरांनी तिचे क्लस्टर, म्हणजे मनोऱ्यांचे गट, ओळखले जातात. प्रभागरचना मात्र नसल्याने तिच्यावरील हरकती नाहीत, हरकतींवरील सुनावणी नाही आणि सुनावणीनंतर मूळचीच रचना कायम ठेवण्याचा सोपस्कारही नाही.

येथील भाडेकरू वार्षिक भाड्याच्या 5 टक्के इतकी ‘हाउसिंग फी’ वीजपाण्याच्या बिलातून निमूटपणे भरतो. इमारतीच्या पातळीवरही मतपेटीचा उपद्रव नाही: दुबईच्या 2019 च्या सहाव्या कायद्यानुसार मालक समितीत जास्तीत जास्त नऊ सदस्य असतात आणि ते ‘रेरा’ ही स्थावर मालमत्ता नियामक संस्था नेमते. मागील सभेच्या इतिवृत्तातील एका क्रियापदावरून दोन तास भांडण्याची ज्याची परंपरा, तो मराठी गृहस्थ या व्यवस्थेत इतका समाधानी कसा राहतो, हा प्रश्न समाजशास्त्रज्ञांनी अद्याप हाती घेतलेला नाही. 16 एप्रिल 2024 रोजी, 1949 पासूनच्या नोंदींतील सर्वांत मोठ्या पावसाने अमिरातीला झोडपले आणि दुबईचे रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा राजीनामा कोणाचा मागावा हे न सुचून त्याने सवयीने कल्याण-डोंबिवली महापालिकेलाच धारेवर धरले असल्यास नवल नाही.

कारण त्याची खरी राजकीय कर्मभूमी तीच आहे. डोंबिवलीच्या पूर्वेस कोठेतरी त्याचा दुसरा फ्लॅट असतो, आणि तो बहुधा त्या 27 गावांपैकी एखाद्यात असतो, ज्यांचा इतिहास शासनाच्या निर्णयक्षमतेचा अक्षय पुरावा आहे. ही गावे 1983 मध्ये महापालिकेत आली, 2002 मध्ये बाहेर पडली आणि 2015 मध्ये पुन्हा आत आली. 2020 च्या मार्चमध्ये त्यांपैकी 18 गावे वगळण्यात आली आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केल्यामुळे परत आत ढकलली गेली. गावे अशी उंबरठ्यावर आतबाहेर करीत असताना टोलेजंग इमारती मात्र न थांबता वाढल्या. पाणी एमआयडीसीकडून, म्हणजे मुळात कारखान्यांसाठी स्थापन झालेल्या महामंडळाकडून येते आणि जेव्हा येत नाही तेव्हा टँकर येतो.

महाराष्ट्रातही 2017 पासून ‘महारेरा’ आहे. डोंबिवली परिसरातील 65 इमारतींच्या उभारणीत महापालिकेची बांधकाम परवानगी बनावट होती, पण तिच्या आधारे मिळवलेली महारेरा नोंदणी मात्र अस्सल होती. उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला. दुबईची रेरा मालकांची समिती नेमते. इकडे मालकांना न्यायालयाच्या पायऱ्या चढण्यासाठी समिती स्वतःच नेमावी लागली, एवढी स्वायत्तता आपल्या लोकशाहीने राखलेली आहे.

‘प्रभागाची दुबई करून दाखवू’ या धर्तीची आश्वासने भावी नगरसेवकांच्या फ्लेक्सवर शोभतात आणि ती पोकळ असतात, असा एक पूर्वग्रह सुशिक्षित वर्गात आहे. तो अन्यायकारक आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली आणि तेव्हापासून पाच वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासक, म्हणजे निवडून न येता सभागृहाचे अधिकार वापरणारा शासकीय अधिकारी, कारभार पाहत होता. आधी करोना, मग ओबीसी आरक्षण, मग प्रभागरचना असा रस्ता खणत खणत हे साध्य झाले. तळी राहिली, मेट्रो राहिली. पण निवडणुकीवाचून शहर चालवण्याच्या बाबतीत दुबईची बरोबरी साधली, हे कोणीही प्रामाणिक माणूस नाकारणार नाही.

अखेर 15 जानेवारी 2026 रोजी 31 प्रभागांतील 122 जागांसाठी निवडणूक लागली. बहुसदस्यीय पॅनल पद्धतीमुळे, म्हणजे एका प्रभागातून एकाहून अधिक नगरसेवक निवडण्याच्या रीतीमुळे, बहुतेक प्रभागांतील मतदाराच्या वाट्याला चार मते येतात. क्लस्टरमधील अनिवासी भारतीयाला अमिरातीच्या फेडरल नॅशनल कौन्सिलमध्ये, जिच्या 40 पैकी 20 जागा निवडणुकीने भरतात, एकही मत नाही, कारण ते फक्त नागरिकांना आहे. आणि गावी चार असूनही ती टाकायला स्वतः हजर व्हावे लागते. टपाली किंवा प्रतिनिधीमार्फत मतदानाची वाट अद्याप त्याच्यासाठी खुली नाही. परदेशस्थांना प्रतिनिधीमार्फत मतदान करू देणारे 2017 चे विधेयक 2018 मध्ये लोकसभेत मंजूर होऊन पुढे बारगळले. त्याने सोसायटीच्या ग्रुपवर मतदारांच्या अनास्थेबद्दल संताप व्यक्त केला असेल, तर तो या अडचणीतूनच आला असे समजावे.

तिकडे मात्र मतदानाआधीच अनेक जागा बिनविरोध ठरल्या, म्हणजे अन्य उमेदवारांना ऐनवेळी लोकसेवेपेक्षा माघार अधिक श्रेयस्कर वाटली. त्या जागांपुरते डोंबिवलीच्या नाक्यावरचा मतदार आणि जुमेरातला अनिवासी अगदी एका पातळीवर आले. फरक इतकाच की डोंबिवलीकराला मतदानाची सुटी होती आणि जुमेरात गुरुवार असल्याने ऑफिस चालू होते.