साडेचार ताऱ्यांचा एमआरआय

मीरा रोड स्टेशनबाहेर 'चांगला एमआरआय कुठे होतो?' असं विचारून बघा. रिक्षावाला म्हणेल, जवळ असेल तिथे. डॉक्टर म्हणतील, चिठ्ठीवर लिहिलंय तिथेच. मोबाइल म्हणेल, साडेचार तारे! तारे कशाचे? 'एसी मस्त, स्टाफ गोड, पार्किंगची बोंब.' यंत्र दीड टेस्लाचं की तीनचं, रिपोर्टवर सही करणाऱ्याने फिल्म नीट पाहिली का, याला तारा नाही.

दर्जा तपासणारे नाहीत असं नाही. सीटी स्कॅनला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. एनएबीएच हे मंडळ इमेजिंग केंद्रांना मानांकनही देतं, पण ते ऐच्छिक, म्हणजे कळलंच.

सोनोग्राफीच्या दारात १९९४च्या कायद्याची पाटी मात्र ठळक: इथे गर्भलिंगनिदान होत नाही. काय होत नाही ते भिंतीवर. काय कितीला होतं ते काउंटरवर, हळू आवाजात: "कुठल्या डॉक्टरांनी पाठवलं?" कुणीच नाही म्हटलं, तर कधीकधी दर चक्क उतरतो. पाठवणाऱ्या डॉक्टरांचा वाटा वाचला ना! या 'कट'विरुद्ध राज्याने २०१७मध्ये कायद्याचा मसुदा केला होता. मसुदा छान होता म्हणतात.